दहांत रब्बी नसला तरी

शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये माणसं जमू लागली की कुणीतरी मनातल्या मनात मोजत असतो. माणसं आकड्यांनी मोजू नयेत असा ज्यूंचा जुना संकेत आहे. म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं आणि एकेका शब्दाला एकेक डोकं धरायचं. वचन पुरं झालं की सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा जण आले. एखादा शब्द उरला तर वाट पाहायची, नाहीतर जवळच्या एखाद्या घरी जाऊन कुणाला तरी उठवून आणायचं. तेरा वर्षं पूर्ण झालेला कुठलाही ज्यू पुरुष चालतो. सुधारणावादी पंथांत बायकाही धरतात. त्याला शास्त्र किती येतं, मागच्या शनिवारी तो कुठे होता, हे कुणी विचारत नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंची एक म्हण आहे: नऊ रब्बी जमले तरी प्रार्थना उभी राहत नाही, दहा चांभारांची राहते.

म्हणजे रब्बीवाचून धर्म चालतो? जवळजवळ सगळा चालतो. प्रार्थना म्हणायला हजान असतो. तो नसेल तर ज्याला हिब्रू वाचता येतं आणि ज्याचा गळा बरा आहे असा कुणीही पुढे होतो. मुलाची सुंता करणारा मोहेल वेगळा, बकरं-कोंबडी शास्त्राप्रमाणे कापणारा शोहेत वेगळा, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी हाताने लिहिणारा लेखनिक वेगळा. लग्नालासुद्धा मूळ शास्त्रात दोन साक्षीदार, एक अंगठी आणि लेखी करार एवढंच लागतं. पापाची कबुली ऐकणं, क्षमा देणं, देवाकडे कुणाची रदबदली करणं, यातलं काहीही रब्बीच्या अखत्यारीत येत नाही. आपल्याला भटजी, पाद्री आणि मौलवी ओळखीचे असतात, त्यामुळे रब्बीला त्यांच्याच पंगतीत बसवायची आपल्याला घाई होते. ज्यूंमध्ये पुरोहित होते आणि अजूनही आहेत. त्यांना कोहेन म्हणतात आणि ते जन्माने ठरतात. कोहेनच्या घरातला मुलगा ठार अडाणी राहिला तरी कोहेनच राहतो. रब्बीचा मुलगा शिकला नाही तर तो कुणीही नसतो.

हा फरक कसा पडला, याची एक कथा तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात आहे. इसवी सन ७० च्या सुमारास रोमन फौजांनी जेरुसलेमला वेढा घातला होता. आतल्या कडव्या बंडखोरांनी वेशी लावून घेतल्या होत्या आणि ते जिवंत माणसाला बाहेर सोडत नव्हते. तेव्हा योहानान बेन झक्काई हे वृद्ध गुरू मेल्याचं सोंग करून शवपेटीत पडले. एलिएझर आणि येहोशुआ या दोघा शिष्यांनी पेटी उचलली. वेशीवरचे पहारेकरी भाला खुपसून खात्री करायला निघाले, तर बरोबरच्यांनी त्यांना अडवलं: आपल्याच गुरूला भोसकलं म्हणून रोमन हसतील. योहानान निसटले, थेट सेनापती व्हेस्पेशियनपुढे उभे राहिले, तू सम्राट होणार म्हणाले आणि तसं झाल्यावर त्याने काय हवं ते माग म्हटलं. त्यांनी यावने नावाचं गाव आणि तिथले विद्वान मागितले. शिवाय उपासाने खंगलेल्या एका सहकाऱ्यासाठी वैद्यही मागितले. एवढंच? जेरुसलेम का नाही मागितलं? हा प्रश्न माझा नाही, तालमूदच आपल्या या महापुरुषाला विचारतं आणि त्याची बाजू पूर्णपणे सावरतही नाही. जास्त मागितलं असतं तर थोडंही हाती लागलं नसतं, असं कदाचित त्यांना वाटलं असेल, म्हणून सोडून देतं.

जेरुसलेमचं मंदिर जळालं. यज्ञ बंद पडले आणि कोहेनांना काम उरलं नाही. यावनेत वाद घालत बसलेल्या माणसांच्या हाती धर्म आला. रब्बी नावाचा माणूस तिथून पुढे ज्यू जीवनाच्या मध्यभागी आहे, आणि त्याचं मुख्य काम म्हणजे ‘हे चालेल की नाही’ या प्रश्नाला उत्तर देणं.

शवपेटी उचलणारे ते दोघे शिष्य पुढे मोठे रब्बी झाले आणि एका भट्टीवरून एकमेकांसमोर उभे ठाकले. तुकडे जोडून, मधे वाळू घालून केलेली भाकरीची भट्टी. ती विटाळते की विटाळत नाही, एवढाच मुद्दा होता. एलिएझर म्हणाले, विटाळत नाही. बाकी सगळे म्हणाले, विटाळते. एलिएझरांनी होते नव्हते तेवढे युक्तिवाद केले, कुणी मानेना. तेव्हा ते म्हणाले, माझं खरं असेल तर हे झाड सांगेल. अंगणातलं झाड मुळासकट उठून शंभर हात लांब गेलं. बाकीचे म्हणाले, झाडावरून कायदा ठरत नाही. मग ओढ्याचं पाणी उलटं वाहिलं. ओढ्यावरूनही ठरत नाही, असं उत्तर आलं. मग पाठशाळेच्या भिंती कलू लागल्या. तेव्हा येहोशुआ भिंतींवर खेकसले की शिकलेली माणसं वाद घालताहेत, तुमचा संबंध काय? भिंती बिचाऱ्या अडचणीत आल्या. येहोशुआंचा मान राखून पडल्या नाहीत, एलिएझरांचा मान राखून सरळही झाल्या नाहीत. तशाच कललेल्या राहिल्या. शेवटी आकाशवाणी झाली की एलिएझरचंच बरोबर आहे. येहोशुआ उठून उभे राहिले आणि त्यांनी आकाशवाणीलाही गप्प केलं. त्यांचा मुद्दा असा: शास्त्र एकदा माणसांच्या हाती दिलंय, आता ते स्वर्गात नाही, इथे बहुमताने ठरेल.

नंतर एका रब्बीला एलिया संदेष्टा भेटला. रब्बीने विचारलं, त्या घटकेला देव काय करत होता? एलियाने सांगितलं की देव हसत होता, पोरांनी आपल्याला हरवलं म्हणत होता.

ही गोष्ट इथवरच सांगायची पद्धत पडली आहे, कारण इथवर ती फार गोड आहे. पण तालमूद इथे थांबत नाही. जिंकलेल्या बहुमताने एलिएझरांवर बहिष्कार घातला. ही बातमी त्यांना कुणी सांगायची? त्यांचे शिष्य अकिवा म्हणाले, मी जातो. भलत्या कुणी जाऊन सांगितलं तर तो माणूस जग जाळेल. ते काळे कपडे घालून गेले आणि चार हात लांब बसले. एलिएझरांनी विचारलं, आज काय वेगळं आहे? अकिवा म्हणाले, गुरुजी, मला वाटतं सोबती तुमच्यापासून दूर राहताहेत. एलिएझरांनी कपडे फाडले, जोडे काढले, जमिनीवर बसले आणि रडले. त्या वर्षी जगातली एक तृतीयांश पिकं करपली, असं तालमूद सांगतं. देव हसला हेही त्याच पानावर आणि हा म्हातारा रडला हेही त्याच पानावर. निर्णय घेण्याचा अधिकार माणसांकडे आला की त्याबरोबर माणसांचा आडमुठेपणाही येतो, हे त्या ग्रंथाने स्वतःच लिहून ठेवलंय, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

येहोशुआंची आणखी एक हकीकत आहे. यावनेचे प्रमुख रब्बन गमलिएल यांनी त्यांना भर सभेत उभं करून त्यांचा अपमान केला. सभा उसळली आणि तिने प्रमुखालाच खाली उतरवलं. गमलिएल माफी मागायला येहोशुआंच्या घरी गेले, तर घराच्या भिंती काळ्या कुळकुळीत. म्हणाले, या भिंतींवरून तुम्ही कोळशाचं काम करता असं दिसतंय. येहोशुआंना ते झोंबलं. विद्वान काय खातात, कसे जगतात हे तुम्हाला ठाऊक नाही, अशा माणसाच्या हाती ही पिढी आहे, असं त्यांनी तोंडावर ऐकवलं. आकाशवाणीला गप्प करणारा माणूस कोळशावर पोट भरत होता.

आणि हे अपवादाचं उदाहरण नव्हे. त्या काळचा एक रब्बी चपला शिवायचा, एक लोहारकाम करायचा. विद्या सांगण्याचे पैसे घेणं कमीपणाचं मानत. बाराव्या शतकातल्या मैमोनिडीस या धर्मपंडिताने तर या बाबतीत हातच राखला नाही. धर्मशास्त्रावर पोट भरणारा देवाचं नाव बदनाम करतो, अशा कडक भाषेत त्याने लिहिलं. त्याला तसं लिहिणं सोपं होतं, कारण त्याचा धाकटा भाऊ दाविद हिऱ्यामाणकांचा व्यापार करायचा आणि घर चालवायचा. हा दाविद हिंदुस्थानच्या वाटेवर हिंदी महासागरात बुडाला. निघण्यापूर्वी तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरातून त्याने भावाला पाठवलेलं पत्र कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या ढिगात सापडलं आहे. मैमोनिडीस त्या धक्क्याने अंथरुणाला खिळला. बरा झाल्यावर त्याने रब्बीपणाचा पगार मागितला नाही. वैद्यकी धरली आणि इजिप्तच्या दरबारात हकीम झाला. त्याचं हे कडक मत पुढे कुणी फारसं पाळलं नाही. पंधराव्या शतकापर्यंत युरोपात पगारी रब्बी रूढ झाले होते, आणि मन दुखू नये म्हणून त्या पगाराला शिकवण्याची नव्हे तर बुडालेल्या धंद्याची भरपाई म्हणू लागले. ही पळवाटही रब्बींनीच शोधली, हे सांगायला नको.

यावनेच्या आणि त्यानंतरच्या रब्बींच्या वादांची नोंद इसवी सन २००च्या सुमारास मिश्ना या संहितेत झाली, मग त्यावरच्या चर्चेचं तालमूद झालं. त्यात हरलेली मतंही नावानिशी टिकवून ठेवली आहेत. शम्माय नावाच्या गुरूच्या शिष्यांचं मत बहुतेकदा मानलं गेलं नाही, तरी पानोपानी ते आहेच. बाबिलोनी तालमूदची पानं २,७११. लुब्लिनचे रब्बी मेइर शापिरो यांनी १९२३ साली रोज एक पान वाचायची टूम काढली. साडेसात वर्षांत ग्रंथ पुरा होतो आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो. कामावर जाण्याआधी, पहाटेच्या अंधारात, जगभर हजारो माणसं ते एक पान वाचायला जमतात. त्यात रब्बी मूठभर असतात, बाकी हिशेबनीस, डॉक्टर, दुकानदार. हे असं असल्यामुळे रब्बीची फजिती सोपी असते. समोर बसलेल्या माणसानेही तेच पान वाचलेलं असतं.

मग लोक त्याच्याकडे नेमकं काय घेऊन जातात? जुन्या पोलंड-लिथुआनियात बाई कोंबडी घेऊन जायची. कापल्यावर पोटात खिळा निघालाय, आतडं फुटलेलं दिसतंय की नाही? हे जेवण चालेल की टाकायचं? रब्बी कोंबडी उलटीपालटी करून बघायचा, आणि शहाणा असेल तर बाईकडेही बघायचा. मोठं नुकसान होत असेल तर काही बाबतींत सौम्य मताकडे झुकता येतं, अशी शास्त्रातच सवलत आहे. श्रीमंताची कोंबडी गेली तर दुसरी येते, गरिबाचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र दिवस, कोरडा जातो. म्हणजे प्रश्न कोंबडीचा असला तरी उत्तर घराचा अंदाज घेऊन द्यायचं असतं. तो अंदाज ग्रंथात मिळत नाही.

ब्रिस्क शहराच्या रब्बी सोलोवेचिकांबद्दल एक गोष्ट सांगतात. वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी एक बाई विचारायला आली: त्या रात्री चार पेले द्राक्षारस प्यायचा असतो, तो परवडत नाही, दूध चालेल का? रब्बींनी चालेल-न चालेल काही म्हटलंच नाही. आतून पैसे आणून तिच्या हातावर ठेवले, द्राक्षारसाला लागले असते त्याच्या कितीतरी पट. घरातल्यांनी विचारलं, एवढे कशाला? ते म्हणाले, ज्यूच्या घरात दूध आणि मांस एका जेवणात येत नाही. ज्या अर्थी ती दुधाचं विचारते आहे, त्या अर्थी तिच्याकडे सणाला मांसही नाही. मला या गोष्टीत रब्बींच्या दानशूरपणापेक्षा त्यांचं ऐकणं मोठं वाटतं. नियम पाठ होता, म्हणूनच प्रश्नातून न बोललेली गोष्ट ऐकू आली.

सगळे प्रश्न कोंबडीचे नसतात. लिथुआनियातल्या कोव्नो शहराच्या घेट्टोमध्ये, नाझींच्या ताब्यात असताना, एफ्राइम ओश्री या तरुण रब्बीकडे लोक येत राहिले. ज्यू माणूस रोज सकाळी प्रार्थनेत, आपल्याला गुलाम केलं नाही म्हणून देवाचे आभार मानतो. घेट्टोतल्या माणसाने विचारलं, हे मी आता कोणत्या तोंडाने म्हणू? ओश्रींनी सांगितलं, म्हणायचं. शरीर त्यांच्या ताब्यात आहे, पण आपण मनाने गुलाम झालो हे कबूल करायचं नाही. उत्तर पटो वा न पटो. मी त्या माणसाच्या जागी असतो तर मला पटलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण मरणाच्या दारातही माणसं शास्त्राचा प्रश्न विचारत होती आणि समोरचा ‘आता कसलं शास्त्र’ म्हणत नव्हता. ओश्रींनी ते प्रश्न कागदाच्या कपट्यांवर टिपले, डब्यांत घालून जमिनीत पुरले, युद्ध संपल्यावर उकरून काढले आणि छापले.

ज्ञानावर अधिकार अवलंबून असेल तर तो बाईला का नाही, हा प्रश्न बर्लिनच्या रेगिना योनासने ग्रंथांतल्याच आधारांनी मांडला. १९३५ साली तिला रब्बीची दीक्षा मिळाली, जगातल्या पहिल्या स्त्रीला. १९४४ मध्ये ती आउश्वित्झमध्ये मारली गेली. पुढची स्त्री रब्बी, सॅली प्रिझँड, अमेरिकेत १९७२ साली झाली. सनातनी पंथाच्या मुख्य प्रवाहात हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

मुंबईत रब्बी कोण असतो हे अनेकांना पहिल्यांदा कळलं ते नोव्हेंबर २००८ मध्ये, कुलाब्याच्या नरिमन हाऊसवरच्या हल्ल्यात रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारले गेले तेव्हा. ते बाहेरून आलेले होते. प्रवासी ज्यूंना शास्त्रोक्त जेवण आणि प्रार्थनेची जागा मिळावी म्हणून त्यांनी इथे घर थाटलं होतं. आपल्याकडचे ज्यू मात्र त्यांच्या कित्येक शतकं आधीपासून कोकणात होते, आणि त्यांच्यात रब्बी नव्हताच.

बेने इस्रायल सांगतात की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागला. हिब्रू विसरली. उरलं ते ‘शेमा’, देव एकच आहे हे सांगणारं वचन. जन्माला, लग्नाला, मरणाला तेच म्हणायचं. मुलाची सुंता आठव्या दिवशी. सणांना आपली नावं: नव्याचा सण, खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून दारं लावून घ्यायची आणि कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास इथे झाला बिरड्याचा रोजा, कारण तो वालाच्या बिरड्यावर सोडायचा. योहानान शवपेटीतून जे शहर मागे सोडून निघाले होते, त्याच्या राखेचं सुतक रायगड जिल्ह्यात वालाच्या बिरड्याने फिटत होतं. यावनेत पुढे काय ठरलं याचा इकडे पत्ताच नव्हता. मैमोनिडीसने एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंबद्दल लिहिलंय की त्यांना शब्बाथ आणि सुंता याखेरीज काही ठाऊक नाही. ते याच लोकांबद्दल असावं, असं काही अभ्यासक मानतात.

मग दाविद रहाबी आला. कधी आला यावर वाद आहे, कुणी हजार वर्षांपूर्वी म्हणतं, कुणी अठराव्या शतकात. पण काय केलं ते सगळे सारखंच सांगतात. त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. हे ज्यूंच्या शास्त्रातलं मोजमाप. (किनाऱ्यावर राहून पिढ्यान्‌पिढ्या कोळंबीला हात न लावणं, हा पुरावा मला तरी कुठल्याही वंशावळीपेक्षा भक्कम वाटतो.) रहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं. त्यांना लोक काजी म्हणू लागले. ते गावोगाव फिरून लग्नं लावत, सुंता करत, तंटे सोडवत. पुढे मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. तिथे हजान होता, मुकादम होता, रब्बी नव्हता. एकोणिसाव्या शतकात त्यांनी वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठीत छापली, मोशे आणि योसेफ यांच्यावर मराठी कीर्तनं केली. हे सगळं रब्बीला न विचारता.

१९४८ नंतर यातले बरेच जण इस्रायलला गेले. तिथे लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे होते. १९६० च्या आसपास काही रब्बींनी बेने इस्रायलांची इतर ज्यूंशी लग्नं लावायला नकार दिला. कारण ऐकण्यासारखं आहे. लग्न साधं असतं, घटस्फोट नसतो. तो पत्रावर त्या एका जोडप्यासाठीच हाताने लिहावा लागतो, बारा ओळींत, दोघांची नावं अक्षर न चुकता, गाव कोणत्या पाण्याकाठी आहे त्या उल्लेखासकट. त्यात चूक राहिली तर घटस्फोट झालाच नाही, आणि त्या बाईने पुन्हा लग्न केलं तर पुढच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सर्वसामान्य ज्यूंशी लग्न करायला बंदी. हे काम जाणकार रब्बीशिवाय होत नाही. कोकणात रब्बी नव्हता, म्हणजे तिथले घटस्फोट सदोष असणार, म्हणजे यांच्या वंशात दोष असण्याची शंका. बेने इस्रायलांचं म्हणणं होतं की आमच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नसत. १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने लग्नं वैध ठरवली, पण पुढच्या वर्षी रब्बींना सूचना गेल्या: बेने इस्रायल लग्नाला आला तर आई, आजी, जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा.

ज्यांनी रब्बीवाचून धर्म टिकवला, त्यांना रब्बी नव्हता म्हणूनच संशयित ठरवण्यात आलं. इथे मला भट्टीच्या गोष्टीतला बहुमताचा कडकपणा दिसतो, येहोशुआ दिसत नाहीत. शास्त्र चुकीचं वाचलं असं म्हणणार नाही, कायद्याची साखळी बरोबरच होती. बाईचा दुधाचा प्रश्न ऐकून त्यामागचं घर ओळखणारा कान मात्र तिथे नव्हता. सगळेच रब्बी या सूचनांच्या बाजूने होते असंही नाही.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबं देशभरातून जेरुसलेमला आली आणि मुलाबाळांसह ठिय्या देऊन बसली. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली; पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं सांगितलं, आणि रब्बी मंडळाला लोकांच्या मनातली सल दूर करायला हवी असं बजावण्यात आलं. महिना सरता सरता मंडळाने सूचना बदलल्या. त्यातून ‘बेने इस्रायल’ हे दोन शब्द काढले आणि तिथे, ज्याच्या कौटुंबिक स्थितीबद्दल शंका आहे असा कुणीही, असं घातलं. तपासणीचा नियम तसाच राहिला, फक्त एका जमातीचं नाव त्यावरून गेलं. चाळीत राहिलेल्या माणसाला हा फरक सांगायला लागत नाही. शंका कुणाची काढली जाते हे त्याला ठाऊक असतं.

आज दिमोना, लोद, अश्दोद इथल्या बेने इस्रायल घरांत लग्नाआधी किंवा नवस फेडताना एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा, भोवती फळं. हा विधी रब्बींच्या कुठल्या ग्रंथात नाही, तो कोकणातला आहे. अलिबागजवळच्या सागावला एलियाच्या रथाची खूण दाखवतात. पण फळ उचलण्याआधी झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीत येणाऱ्याचा वेगळा म्हणायचा असतो, आणि मलिद्याच्या ताटासमोर ते दोन्ही नीट, शास्त्राप्रमाणे म्हटले जातात. त्या घरी कधी एखादा रब्बी आला तर त्याला हरकत घ्यायला जागा सापडत नाही. तो ‘आमेन’ म्हणतो आणि पोहे खातो.